सगळे आले का?
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, 'मी नेमकं काय काम करते'. वाटतो तितका हा विषय सोपा नाही. बावीस वर्षं झाली मला नोकरीला लागून, पण माझी आई अजून शेजारी सांगते, "ती कॉम्प्युटरमध्ये असते." जणू मी रोज सकाळी डबा घेऊन त्या खोक्यात जाऊन बसते!

तेव्हा सगळं काम सांगत बसत नाही. माझ्या कामातलं एकच चिन्ह सांगते. कीबोर्डवर सातच्या आकड्याच्या डोक्यावर ते बसलेलं असतं, इंग्रजी आठला शेपूट फुटल्यासारखं दिसतं. त्याला अँपरसँड म्हणतात. या एका चिन्हाने मला आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी मिळवून दिली, आणि त्यानंतर बाराच दिवसांत सगळ्यात मोठी नामुष्कीही.

पण त्याआधी आपल्या आठवीच्या सहलीची आठवण काढावी लागेल. डिसेंबर १९९४, प्रतापगड. दोन एसट्या ठरवल्या होत्या. आपल्या गाडीत चोपन्न मुलं आणि भूगोलाच्या बाई. गड बघून झाला, डबे खाऊन झाले आणि संध्याकाळी पी.टी.च्या सरांनी शिट्टी मारली. सगळे पळत येऊन गाडीत बसले. मॉनिटरने डोकी मोजली. चोपन्न. कंडक्टर घंटी मारणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा. मी नावं घेते."

आपण सगळे वैतागलो होतो. चोपन्न गेलो, चोपन्न आलो, आता कसली हजेरी? पण बाईंनी पिशवीतून वही काढली आणि पहिल्या नंबरापासून सुरुवात केली. एकतीस नंबरला कोणी 'हजर' म्हणेना. आणि शेवटच्या बाकावर एक मुलगा रडवेला होऊन बसलेला, तो आपला नव्हताच! दुसऱ्याच कुठल्या तरी शाळेचा. त्यांचाही पांढरा शर्ट आणि खाकी चड्डी, गर्दीत चुकून आपल्या गाडीत चढला होता. आपला एकतीस नंबर भवानीमातेच्या देवळामागे पोट धरून बसला होता. त्याने सकाळपासून किती बोरं खाल्ली होती ते मी आज सांगत नाही, कारण तो तिसऱ्या रांगेत सहकुटुंब बसलाय.

आकडा जुळला होता, मुलं जुळली नव्हती. एवढं लक्षात ठेवा, आपण याच गोष्टीकडे परत येणार आहोत.

आता माझं काम. कॉम्प्युटरला आपण आज्ञा देतो. मोठ्या यंत्रांवर माउस हलवून काम होत नाही, तिथे आज्ञा टाइप करतात. ती वाचून पार पाडणारा जो कारभारी असतो त्याला शेल म्हणतात. रोजच्या ठरलेल्या आज्ञा एका फाइलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट. आईने सकाळी चिठ्ठी लिहून ठेवावी तसं: दूध तापव, भाजी आण, गिरणीतून पीठ आण. शेल ती चिठ्ठी वरून खाली वाचतो. एक काम पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही.

हे शिस्तीचं आहे, पण वेळखाऊ आहे. घरात असं कोणी करत नाही. कुकर लावला की शिट्टी होईपर्यंत आपण त्याच्याकडे बघत उभ्या राहतो का? कणीक मळतो, भाजी चिरतो. कुकर मागे आपलं काम करत राहतो. शेललाही हे सांगता येतं. आज्ञेच्या शेवटी ते शेपटीचं आठ लावायचं. अर्थ असा, की हे काम सुरू करून दे आणि पुढच्या ओळीवर ये.

ही सोय नवी नाही. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाच्या प्रणालीची सुरुवात केली. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनपर्यंत तिचा वंश पोहोचलाय. एका चालू कामातून दुसरं काम जन्माला घालायचं, या युक्तीला तिथे फोर्क म्हणतात. रिची यांनी पुढे लिहून ठेवलंय, की पीडीपी-७ या त्यांच्या जुन्या यंत्रावर ही सगळी युक्ती अवघ्या २७ ओळींत बसली. जन्म देणाऱ्या कामाला पालक म्हणतात आणि जन्मलेल्याला मूल. शेल एरवी मुलाला कामाला लावतो आणि ते परत येईपर्यंत थांबतो. अँपरसँड लावलं की थांबत नाही. त्या चिन्हाने नवं असं काहीच घडत नाही, शेलचं थांबणं तेवढं बंद होतं. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. त्याचा अर्थ कळायला मात्र २००९ साल उजाडावं लागलं.

तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत होते. आमचं एक गिऱ्हाईक होतं, रक्त-लघवीच्या तपासण्या करणारं. त्यांची चोवीस केंद्रं होती. रोज रात्री चोवीस केंद्रांचे रिपोर्ट आमच्या यंत्रावर गोळा व्हायचे. तिथून त्यांची प्रत साठवणीच्या दुसऱ्या यंत्रावर जायची आणि प्रत गेली की आमच्याकडची मूळ फाइल पुसली जायची, जागा मोकळी व्हावी म्हणून. एकामागून एक चोवीस प्रती करायला पावणेपाच तास लागत. पहाटे काम संपलं नाही तर सकाळी केंद्रं उघडल्यावर सगळंच रखडायचं.

मी स्क्रिप्ट उघडून पाहिली. चोवीस आज्ञा एकाखाली एक. आणि यंत्र बहुतेक वेळ रिकामं! ते नुसतं पलीकडच्या उत्तराची वाट बघत होतं. मी प्रत्येक ओळीच्या शेवटी अँपरसँड लावलं. चोवीस चिन्हं. त्याखाली एक शब्द लिहिला, 'वेट'. म्हणजे सगळी मुलं परत येईपर्यंत थांब. त्यानंतर मूळ फाइली पुसण्याची जुनी ओळ होती, ती तशीच ठेवली. पावणेपाच तासांचं काम चाळीस मिनिटांत झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, गिऱ्हाइकाने मेल पाठवली. मी घरी फोन करून आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई, आता लवकर घरी येत जा."

बाराव्या दिवशी सकाळी एका केंद्रातून फोन आला. एक बाई आल्या होत्या, त्यांना दहा दिवसांपूर्वीचा रिपोर्ट हवा होता. डॉक्टरांना नव्या रिपोर्टशी ताडून बघायचा होता. तो सापडत नव्हता. आम्ही साठवणीच्या यंत्रावर पाहिलं, तिथे त्या केंद्राचा त्या दिवसाचा फोल्डरच नव्हता. आमच्याकडची मूळ फाइल अर्थातच पुसलेली. मग बाकीची केंद्रं तपासली. अकरा रात्री गुणिले चोवीस, म्हणजे दोनशे चौसष्ट फोल्डर असायला हवे होते. एकोणीस नव्हते.

काय झालं होतं ते सांगते. साठवणीच्या यंत्राच्या दाराशी ओळख पटवून घेणारा एक पहारेकरी प्रोग्राम असतो. त्याची त्या काळातली मूळ मांडणी अशी होती, की ओळख पटायची बाकी असलेले पाहुणे एका वेळी दहाच. त्यावर आलेल्याला तो सरळ परत लावतो. पूर्वी माझी माणसं एकेक जात होती, तोवर काही अडलं नाही. आता चोवीस जण एकाच क्षणी दारावर धडकले. बहुतेकांना प्रवेश मिळायचा, एखाद-दोघांना नाही. रोज वेगळ्यांना, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पण माझी चूक याच्या पुढे आहे. शेलमध्ये प्रत्येक काम संपताना एक आकडा मागे ठेवतं, त्याचा निकाल. इथे शाळेच्या उलट असतं. शून्य मिळालं तर पास, दुसरं काही मिळालं तर नापास. जुन्या स्क्रिप्टमध्ये सगळ्यात वर एक ओळ होती: कोणतंही काम नापास झालं तर तिथेच थांब. म्हणजे जुन्या हळू स्क्रिप्टमध्ये प्रत झाली नसती तर पुसण्याची ओळ आलीच नसती. मला वाटलं, तो पहारा अजून आहे. तो नव्हता. मागे सोडून दिलेल्या कामाचा निकाल त्या पहाऱ्याला दिसतच नाही, कारण ज्याच्यासाठी आपण थांबलो नाही त्याचा निकाल आपल्याला कुठून कळणार?

आणि 'वेट'? बॅश नावाचा जो शेल आम्ही वापरतो, त्यात नुसतं 'वेट' लिहिलं तर तो सगळ्यांसाठी थांबतो खरा, पण शेवटी स्वतः शून्य सांगतो. पास. कोण कसं परत आलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तेवीस जण काम करून आले आणि एक दारातूनच परत आला, तरी त्याच्या लेखी चोवीस परत आले. मोजणी बरोबर. काढा गाडी.

प्रवेश नाकारल्याची ओळ लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, पडलेली होती बरं का. पण चोवीसही जण एकाच वहीत एकाच वेळी लिहीत होते. कोणाची ओळ कोणाची, काही पत्ता लागत नव्हता. आणि काम छान चाललंय म्हटल्यावर ती वही उघडतंय कोण?

आता जे सांगणार आहे ते मी फारसं कोणाला सांगितलेलं नाही. त्या दुपारी मी एक मेल लिहिली. 'साठवणीच्या यंत्राने काही जोडण्या नाकारल्यामुळे' अशी सुरुवात केली. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. यंत्रानेच नाकारल्या होत्या. ते यंत्र दुसऱ्या टीमचं होतं. मी पाठवण्याच्या बटणावर बोट ठेवून बसले होते. शेजारी आमचे एक सीनियर बसायचे, निवृत्तीला आलेले, फार कमी बोलणारे. त्यांनी माझ्या खांद्यावरून स्क्रिप्ट वाचली आणि एवढंच विचारलं, "सगळे परत आल्यावर एकेकाला विचारलं होतंस का, काय झालं म्हणून?"

आणि मला एकदम ती एसटी आठवली. वही उघडून उभ्या असलेल्या बाई आठवल्या. चोपन्न मोजून झाल्यावरही न निघालेल्या.

मी मेल पुसली आणि दुसरी लिहिली. त्यात लिहिलं, की बदल मी केला, प्रत झाली की नाही हे न विचारता मूळ फाइली पुसल्या गेल्या आणि तपासणीची ओळ मी घालायला हवी होती. केंद्रांच्या यंत्रांवर रिपोर्ट सात दिवस राहत, त्यामुळे एकोणीसपैकी तेरा फोल्डर तिथून परत मिळाले. पहिल्या चार रात्रींतले सहा मिळाले नाहीत. त्यातले जेवढे कागदावर छापलेले होते तेवढे त्या केंद्रांतल्या मुलींनी आणि मी तीन आठवडे बसून पुन्हा भरले. काही कधीच मिळाले नाहीत. त्या दिवशी आलेल्या बाईंचा रिपोर्ट न मिळालेल्यांत होता. त्यांना तपासणी पुन्हा करून दिली, पैसे घेतले नाहीत. पण दहा दिवसांपूर्वीचं रक्त आज काढता येत नाही. डॉक्टरांना जे ताडून बघायचं होतं ते गेलंच. त्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. त्या वर्षी माझं प्रमोशन थांबलं, त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. त्या बाईंचं मात्र अजून वाटतं.

नंतर स्क्रिप्ट दुरुस्त केली, ती कशी तेही सांगते, कारण आपल्यातल्या चार-पाच जणांची मुलं आता इंजिनिअरिंगला आहेत. मागे सोडलेल्या प्रत्येक कामाला एक नंबर मिळतो. डॉलर आणि उद्गारचिन्ह एकापुढे एक लिहिलं की शेल शेवटच्या सोडलेल्या कामाचा नंबर सांगतो. तो लगेच टिपून ठेवायचा, पुढचं काम सोडलं की तिथे नवा नंबर येतो. मग शेवटी नुसतं 'वेट' न म्हणता, 'वेट' आणि तो नंबर, असं प्रत्येकासाठी म्हणायचं. मग शेल त्या एकाचाच निकाल सांगतो. जो पास, त्याचीच मूळ फाइल पुसायची. जो नापास, त्याचं नाव कागदावर घ्यायचं आणि माणसाला उठवायचं. प्रत्येकाची नोंदवही वेगळी. आणि चोवीस जणांना एकदम सोडायचं नाही. एक्सआर्ग्ज नावाची एक आज्ञा आहे, तिला सांगता येतं की एका वेळी सहाच. एक आला की पुढचा सोडते. आमचं काम चाळीस मिनिटांऐवजी सव्वा तासात व्हायला लागलं. कोणाची तक्रार आली नाही.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. मूल काम संपवून थांबतं, तरी युनिक्स त्याचं नाव यादीतून लगेच काढत नाही. त्याचा निकाल जपून ठेवते, पालकाने येऊन विचारेपर्यंत. विचारलं की मगच ते मोकळं होतं. न विचारलेलं मूल यादीत तसंच अडकून राहतं, त्याला आमच्या भाषेत झोंबी म्हणतात. म्हणजे ज्यांनी हे पन्नासेक वर्षांपूर्वी बांधलं त्यांनी गृहीत धरलं होतं, की जो कामाला पाठवतो तो कधीतरी विचारायला येईल. सोय त्यांनी करून ठेवली होती. मीच विचारलं नव्हतं.

बाई, आज आपण समोर बसला आहात म्हणून हे सांगायचं धाडस केलं. मला इंजिनिअरिंगमध्ये पुष्कळ शिकवलं, पण ही एक गोष्ट आपण आठवीतच शिकवली होती आणि ती मी वेळेवर आठवली नाही.

आता शेवटचं, आणि मग चहा.

आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. रोज सकाळी फुलं येतात, वाढदिवसाला केक येतात. मी कधी विचारलं, "सगळे कसे आहात?" तर पंचवीस अंगठे येतात. सगळे मजेत. शून्य. पास. पण आपल्या मागच्या बाकावरची एक मैत्रीण, जिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आपण सगळ्यांनी खाल्ली आहे, ती गेल्याचं आपल्याला दोन वर्षांनी कळलं. तीही ग्रुपवर होती. तिच्या नंबरावरून अंगठा येईनासा झाला, आणि बाकीच्यांच्या अंगठ्यांत ते कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी तिला शेवटचा फोन कधी केला होता ते मी मोबाइलमध्ये शोधून बघितलं. सांगत नाही, लाज वाटते.

म्हणून मी एक काम केलंय. शाळेच्या ऑफिसमधून दहावीच्या हजेरीपटाची प्रत मागून घेतली. अठ्ठावन्न नावं आहेत. आज इथे सदतीस जण आलोय. एक गेली. राहिले वीस. त्यात काही परदेशी आहेत, काही रुसलेत, आणि काहींचं कोणालाच काही माहीत नाही. मी वीस चिठ्ठ्या केल्या आहेत, एकेका चिठ्ठीवर एकच नाव. चहाच्या टेबलावर डबा ठेवलाय. ज्याला जमेल त्याने एक उचलायची, त्या माणसाला शोधायचं आणि ग्रुपवर नाही, स्वतः फोन करून विचारायचं. काय म्हणाला ते मला कळवायचं. उत्तर चांगलं असलं पाहिजे असं नाही, पण एकेकाचं वेगळं असलं पाहिजे. आणि एका माणसाने वीसही उचलायच्या नाहीत. एका वेळी एक, बाकीच्या पुढच्यासाठी. पहारेकरी परत लावतो, हे मी शिकले आहे.

नावं बाईंनी त्यांच्या हाताने लिहिली आहेत. काल संध्याकाळी त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा लिहून घेतली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अक्षर अजून फळ्यावरच्यासारखंच आहे. लिहिताना त्या प्रत्येक नावापाशी थांबत होत्या आणि विचारत होत्या, "हा कुठे असतो गं आता?" वीसपैकी एकाचंही उत्तर मला देता आलं नाही.

पुढच्या वर्षी त्या विचारतील तेव्हा देता यायला हवं.